एकनळी आणि पाटीचा तुकडा

१३ एप्रिल

हसले! सगळेच हसले. हॉबर्टकाका तर इतके, की तोंडातल्या तंबाखूचा ओघळ दाढीवर आला आणि तो पुसायचं भानही राहिलं नाही.

मी एवढंच म्हटलं होतं — या वसंतात मलाही कॅम्पात बसायचंय.

टर्कीच्या शिकारीच्या कॅम्पात बाई बसत नाही. आजोबांनी टेकाडावर ती पत्र्याची खोली बांधली, हिकरीच्या लाकडाच्या सात खुर्च्या केल्या, आणि तेव्हापासून ठरून गेलंय — सात खुर्च्या, सात शिकारी. आठवा नाही. बाईनं मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ बांधून द्यायची आणि दुपारी पिसं उपटायची. मी चार वर्षं विद्यापीठात वन्यजीवशास्त्र शिकले. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी! आणि पिसं उपटू?

"मास्तरीणबाई," कर्टिस म्हणाला, "टर्की अर्ज भरून येत नाही हो."

ऑगस्टपासून मी गावच्या शाळेत शिकवणार, म्हणून मास्तरीणबाई. कर्टिस हॉबर्टकाकांचा मुलगा, माझ्याच वयाचा. शाळा अर्धी टाकली त्यानं. खुर्ची मात्र सोळाव्या वर्षी मिळाली.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही करता ती शिकार आहे का? प्लॅस्टिकची मादी मांडायची, पानांच्या छापाच्या तंबूत बसून सँडविच खायचं, आणि बिचारा नर त्या प्लॅस्टिकशी लग्न करायला आला की गोळी घालायची! रानात रानासारखं जावं. त्याला जेवढं आहे तेवढंच आपल्यालाही असावं. अंग, कान, धीर.

मग हॉबर्टकाका म्हणाले, "आणि तू काय घेऊन जाणार? पदवीचा कागद?"

"बाबांची एकनळी बंदूक. पाटीचा तुकडा. अंगावरचे जुने कपडे. विकत घेतलेलं काही नाही."

"बरं. आणलास नर, तर बसशील आमच्यात. चुकलीस तर शर्टाचं टोक कापू, नेम चुकलेल्या प्रत्येकाचं कापतो तसं. बाईमाणूस म्हणून सूट मिळणार नाही."

मी बाबांकडे पाहिलं. कॅम्पात पहिली खुर्ची त्यांची, चुलीजवळची. त्यांनी एक शब्द बोलावा! ते ताटातली उसळ पावानं पुसत होते. वर पाहिलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, "कॉफी आहे का गं?"

१४ एप्रिल

सकाळी टेबलावर एकनळी ठेवलेली. दस्त्याला तडा गेलाय, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. शेजारी जुन्या शाळेच्या कौलातून पडलेला पाटीचा तुकडा, तळहाताएवढा. आणि देवदाराची काडी — दाणे काढलेल्या वाळक्या कणसात खोचलेली, म्हणजे हातात नीट बसते. काडी पाटीवर गोल घासली की मादी बोलते. हे सगळं बाबांनी स्वतः केलेलं, मी जन्मायच्या आधी.

म्हटलं, "बाबा, जोर किती द्यायचा?"

ते टोपी घालून बाहेर निघून गेले.

वस्तू देतात, पण बोलत नाहीत. शिकायला गेले त्याचा राग अजून गेला नाही. तेव्हा ते काम करत त्या सॉ-मिलच्या ऑफिसात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती त्यांनी, आणि मी नको म्हटलं. चार वर्षं मनात धरून बसलेत.

१६ एप्रिल

गोठ्यामागे दिवसभर घासत बसले. किर्र, किर्र, किर्र. आई खिडकीतून ओरडली, "अगं बास कर! कोंबड्यांनी अंडी द्यायची सोडली!"

संध्याकाळी मात्र जमलं. खरंच जमलं! तीन घास, मग दोन छोटे, मग थांबायचं. अगदी मादी. बाबा डुकरांचा चारा घेऊन मागून चालले होते, दहा पावलांवरून. "बाबा, बघा ना, बरोबर येतोय का?" मी पुन्हा घासून दाखवलं.

थांबले नाहीत. बादली हलवत निघून गेले.

मी रडले नाही. हे लिहून ठेवते, रडले नाही.

१८ एप्रिल

चुकले.

नीट लिहिते.

हंगामाचा पहिला दिवस. बाबा स्वतःहून बरोबर आले. बूच जाळून दोघांनी तोंडाला काळं फासलं. उजाडायच्या आत दक्षिणेच्या कड्यावर पोचलो. बाबांनी तोंडाशी हात धरून घुबडाचा आवाज काढला, त्याला चिडून नर ओरडतो आणि जागा कळते — काय आवाज! सगळी दरी त्या आवाजाकडे वळून बघते असं वाटतं. आणि लगेच डावीकडच्या ओहोळातून नर ओरडला. गडगडाट! फार तर दोनशे पावलं असेल.

मी श्वास धरला. बाबा तसेच उभे. पुन्हा घुबड. पुन्हा नर, तिथूनच.

"नाही आज," बाबा म्हणाले. इतक्या मोठ्यानं म्हणाले की वरच्या फांदीवरचा कावळा उडाला!

मी त्यांची बाही ओढली आणि डावीकडे बोट दाखवलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले थोडा वेळ. मग मान हलवली, जणू आधीपासून माहीत होतं. आणि मला ओकच्या बुंध्याला टेकवून बसवलं ते उजवीकडे तोंड करून! "इकडून येईल. सरळ उतारावर बघ."

मी काय बोलणार? पन्नास वर्षं टर्की मारतायत ते. मला वाटलं असेल काही युक्ती.

पाटी घासली. नर ओरडला, डावीकडून, जवळून. पुन्हा घासली. मग पिसारा फुगवून चालताना त्याच्या छातीतून येतो तो घुमारा, खांद्यामागून, इतक्या जवळून की माझ्या बरगडीत वाजला. मी वळले. त्यानं पाहिलं. मी घोडा ओढला तेव्हा तो हवेत होता. छर्रे सगळे हिकरीच्या सालीत.

"वळलीस कशाला?" बाबा म्हणाले. "उजवीकडे बघ म्हटलं होतं ना!"

मुद्दाम केलं. मला दुसरं काही सुचत नाही. त्यांनी ऐकलं, मी दाखवलंही, आणि तरी मला उलटीकडे बसवलं. मी चुकावं अशीच इच्छा होती.

१९ एप्रिल

शर्ट कापला.

आईनं बाबांच्याच जुन्या खाकी शर्टातून शिवलेला. कॅम्पाच्या पायरीवर मला उभं केलं, दाराबाहेर. आत घेतलं नाही. सातहीजण दारात गोळा झाले. हॉबर्टकाका म्हणाले, "कापायचा हात बापाचा. रीत आहे."

"जरा वरूनच काप ऑर्व्हल!" मागून कुणीतरी. "शिकलेली आहे, लाज वाटणार नाही!"

"पदवीपण ठोका शेजारी," कर्टिस.

बाबांनी टर्की फाडायची सुरी काढली. माझ्या पाठीशी उभे राहिले. शर्टाचं मागचं टोक धरून एकदाच ओढली. सुरीची थंडी कमरेला लागली. कोळशानं माझं नाव आणि तारीख लिहिली आणि तुकडा आत नेऊन भिंतीवर ठोकला, बाकीच्या चिंध्यांच्या ओळीत. मी बाहेर, माझा शर्ट आत.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मला उलटीकडे बसवलंत. सांगा ना यांना." हळूच म्हटलं, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यांनी सुरी पँटला पुसली आणि आत गेले.

मला त्यांचा तिरस्कार वाटला. वाटला तर वाटला.

२० एप्रिल

आजही तोच शर्ट घातला. मुद्दाम. कंबर उघडी. आई म्हणाली, शिवून देते. म्हटलं हात लावू नकोस.

२१ एप्रिल

बाबा बोलले. जेवताना, अचानक.

"उद्या एकटी जा. जुन्या स्मशानाच्या वर पांढरा ओक पडलाय, त्याच्या बुंध्यामागे बस. शोधत फिरू नकोस. तीनदा घास पाटी आणि गप्प बस. हलायचं नाही."

ती जागा त्यांची स्वतःची. गेल्या वर्षीचा नर त्यांनी तिथंच मारला, त्याच्या आदल्या वर्षीचाही. कॅम्पातल्या कुणाला तिथं बसू देत नाहीत.

"बाबा, तिथं नर साद कुठून देतो? वरून का खालून?"

"मारलास तर दुपारी एकच्या आत दुकानात नोंद करायची, विसरू नकोस," ते म्हणाले.

मी सादेबद्दल विचारते, हे नोंदीचं सांगतात! पण जागा दिली. का दिली? सुरी चालवल्याचा पश्चात्ताप? असो. जागा घेते. आभार मानणार नाही.

२२ एप्रिल

मारला!!

बसून सगळं लिहिते, एकही गोष्ट सुटायला नको.

पडलेल्या ओकच्या मागे बसले. समोर जरा खोलगट जागा, पानांनी भरलेली. रानजांभळीची झाडं गुलाबी झालीत, त्यांच्या मधून धुकं. तीनदा घासली पाटी. गप्प बसले. पायावरून गोम गेली, हलले नाही. मुंग्या आल्या, हलले नाही. एकही नर ओरडला नाही. सगळं रान मुकं. मला वाटलं झालं, आता दुसरं टोकही कापतील.

आणि तो आला. आवाज न करता. मादीच्या सादेला येणारा नर थांबतो, पिसारा फुलवतो, कानोसा घेतो. पुस्तकात तसंच आहे, मीही तसंच लिहिलं होतं. हा सरळ चालत आला, मान खाली घालून, रोजच्या वाटेनं दुकानात जाणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. त्या खोलगट जागेत उतरला आणि पायानं पानं उडवायला लागला. छातीवरची केसांसारख्या पिसांची दाढी जमिनीला लागत होती.

मी काडीचं टोक पाटीवर एकदाच टेकवलं. टक्. त्यानं मान वर केली. मान वर केली की मारायचं.

खांद्याला असा धक्का बसला की दात वाजले. तो पडला आणि पंख आपटायला लागला, गोल गोल, पानं माझ्या डोक्यावरून उडत होती. धावत जाऊन मानेवर पाय दिला. त्याच्या पायामागच्या काट्यानं माझं मनगट फाडलं. बुटाखाली काहीतरी अजून गिळत होतं. डोक्याचा निळा रंग डोळ्यांदेखत उतरला — निळा, मग पांढरा, मग राखेचा.

दया यायला हवी होती. मी लोकांना दयेवर भाषणं दिली आहेत. पण मी पाय तसाच दाबून धरला, आणि अजून धडपडतोय तोवर त्याला म्हणाले, "शर्ट कापला होता माझा. कळलं?" मोठ्यानं म्हणाले. आणि बरं वाटलं.

दुकानात नोंद केली. तराजूला उलटा टांगला तर बावीस पौंड! म्हातारे दाढी मोजायला गोळा झाले. तारेनं बांधलेली एकनळी या हातातून त्या हातात फिरली. कर्टिस तिथंच होता. ट्रकमध्ये दोन प्लॅस्टिकच्या माद्या, तंबू, मक्याचं पोतं. पक्षी नाही.

"पाटीवर काय लिहून दाखवलंस गं त्याला?" तो म्हणाला.

"तुझं नाव. घाबरून पळत आला."

सगळे हसले! या वेळी त्याला.

घरी बाबांनी पक्षी दोन्ही हातांनी उचलला, काट्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून हसले. किती वर्षांनी! माझ्या काळ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटाला लागलेली काजळी आईला दाखवली. "बघ. बघ कोण आलंय."

(संध्याकाळी)

लिहू की नको?

पक्षी साफ करायला बाबा पुढे आले. "दे इकडे, मी करतो." म्हटलं, माझा पक्षी मीच फाडणार. "हाताला लागलंय तुझ्या, दे," म्हणाले. मी पाठ फिरवली आणि घरामागच्या फळीवर घेऊन गेले. ते थोडा वेळ उभे होते. मग गेले.

गळ्याखालची थैली आपण नेहमी उघडतो. त्यानं काय खाल्लं ते बघायचं, म्हणजे पुढच्या वेळी कुठं बसायचं ते कळतं. मी उघडली.

मका. ओंजळभर पिवळाधमक भरडलेला मका. ओकचं एक फळ नाही, एक किडा नाही.

या डोंगरावर मक्याचं शेत नाही. आणि असतं तरी एप्रिलमध्ये? कुणीतरी तिथं चारा टाकतंय! चारा टाकून टर्की मारणं म्हणजे आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट. परवाना जातो, तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणूनच तो ओरडला नाही. म्हणूनच मान खाली. माझ्या पाटीला आला नव्हता तो. जेवायला आला होता.

कोंबड्या पायात आल्या होत्या. मी थैली त्यांच्यापुढे झटकली. बघता बघता एक दाणा उरला नाही.

२३ एप्रिल

काल कॅम्पात जेवण झालं. माझ्या पक्ष्याची छाती पिठात घोळून तळली, सोबत रानातली अळंबी. या वेळी मी आत होते. उभी!

"पक्षी झकास," हॉबर्टकाका म्हणाले. "बंदूक झकास, पोरगी झकास. पण खुर्ची कुठाय?"

"तुम्ही शब्द दिला होतात, काका!"

"दिला होता. बसशील म्हणालो होतो. कधी बसशील ते म्हणालो होतो का?" सगळे टेबल बडवायला लागले. "सात खुर्च्या आहेत, पोरी. एक रिकामी व्हायला पाहिजे. कुणी मेलं तर. नाहीतर चारा टाकताना सापडलं तर. माझ्या बापानं सख्ख्या मेव्हण्याला हाकललं होतं त्यासाठी, परत उंबऱ्याला पाय लावू दिला नाही. यातलं काही झालं की कळवतो हां तुला!"

"मी मरू का, मास्तरीणबाई?" कर्टिसनं छातीवर हात ठेवून डोळे मिटले.

बाबा चुलीजवळ, आपल्या खुर्चीत. आगीकडे बघत बसलेले. सगळे टेबल बडवतायत, मी लाल झालेय, आणि हा माणूस आगीकडे बघतोय! एक शब्द बोलले असते तर बाकीचे गप्प झाले असते. त्यांच्यापुढे कुणाची टाप नाही.

त्यांच्या मागे उभी राहून म्हटलं, "बाबा, सांगा ना काही." त्यांनी लाकूड सारलं.

२४ एप्रिल

रात्रभर विचार केला. मका कर्टिसनंच टाकलाय. दुसरं कोण? तोंडावर हसतो, बाबांच्या जागेत चोरून चारा टाकतो, आणि मग तिथं येणारे पक्षी आयते मारणार. पोतं मी ट्रकमध्ये डोळ्यांनी पाहिलं.

दुकानाबाहेरच्या फोनवरून शिकारखात्याला फोन केला. फोन करणाऱ्याचं नाव विचारत नाहीत ते. म्हटलं, जुन्या स्मशानाच्या वर, पडलेल्या पांढऱ्या ओकपाशी चारा पडतोय. नजर ठेवा. कुणावर संशय? म्हणाले. मी कर्टिसचं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव स्पेलिंगसकट.

माझ्या पक्ष्याबद्दल बोलले नाही. मला माहीत नव्हतं तिथं मका आहे. माहीत नसताना केलेली गोष्ट वेगळी.

आणि हे मी खुर्चीसाठी केलेलं नाही. चूक ती चूक, मग ती घरातल्यानं केलेली का असेना. कुणीतरी उभं राहायला हवंच. खुर्ची रिकामी झाली तर तो परिणाम, हेतू नव्हे.

२५ एप्रिल

काही नाही. कर्टिस दुकानात भेटला. "काय मास्तरीणबाई, मेलो नाही अजून!" म्हणाला. मी त्याच्याकडे बघून गोड हसले.

२७ एप्रिल

शिकारखात्याची गाडी अंगणात आली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. हॉबर्टकाका आणि कर्टिस कुंपणाची तार ओढायला आले होते. मला वाटलं, कर्टिसला न्यायला आले. खरं लिहिते, आनंद झाला.

मागचं दार उघडलं आणि बाबा उतरले. हातात डुकरांची बादली. बुडाशी भरडलेला मका.

अधिकारी तरुणच होता. त्याला आनंद नव्हता झालेला. दोन पहाटा झुडपात बसून होता म्हणाला. त्यानं बाबांना पाठीमागून काहीतरी विचारलं. बाबा हलले नाहीत. पुन्हा विचारलं. मग तो पुढे येऊन त्यांच्या तोंडासमोर उभा राहिला.

"ऑर्व्हलकाका, ऐकू यायचं कधीपासून बंद झालं?"

बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे बघितलं होतं तसंच, त्या दिवशी कड्यावर.

"दोन वर्षं झाली," आई दारातून म्हणाली. "मिलच्या करवतीनं खाल्ले कान. कॅम्पात कळू द्यायचं नाही म्हणाले. टर्कीवाल्याला साद ऐकू येत नाही म्हटलं की काय उरलं त्याचं?" मग माझ्याकडे वळली. "तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. तू विचारायचीस आणि ते निघून जायचे ना, तेव्हा आत येऊन मला विचारायचे, पोरगी काय म्हणाली."

मी ओला टॉवेल धरून उभी होते.

हॉबर्टकाका भावाकडे बघत होते. "म्हणजे गेल्या वर्षीचा नर? आणि त्याच्या आधीचा?"

त्यांना ऐकू आलं नाही, पण कळलं. मान हलवली. मग बादली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, नाहीतरी मोठ्यानंच बोलतात —

"या वर्षी पोरीच्या पक्ष्यानंतर टाकायला लागलो. आधी दाणा नव्हता तिथं. तिचा पक्षी स्वच्छ आहे."

अधिकारी माझ्याकडे आला. "तू त्यातली शिकलेली आहेस म्हणे. थैली उघडली होतीस?"

"हो."

"काय होतं?"

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते.

"ओकची फळं," मी म्हणाले. "मागच्या वर्षीची, मऊ झालेली. दोन-तीन भुंगे. कोवळं गवत. तिपत्तीची पानं."

तो लिहीत गेला. मी तिपत्तीची कुठली जात तेही सांगितलं.

परवाना पाच वर्षं बंद. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. अधिकारी एकनळी घेऊन गेला. ती बाबांच्या नावावर आहे म्हणून.

जाताना कर्टिस कुंपणापाशी थांबला. पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. म्हणाला, "ज्यानं फोन केला ना, तो हरामखोर मला सापडायला पाहिजे." आई म्हणाली, "त्याचे हात झडोत."

मी टॉवेल वाळत घातला.

२८ एप्रिल

बाबा ओसरीवर बसले होते, डोंगराकडे तोंड करून. मी मागे उभी. कड्यावर दोन नर ओरडत होते, एकमेकांना उत्तरं देत, अगदी स्पष्ट.

मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "फोन मी केला होता."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

"मला वाटलं कर्टिस. मला खुर्ची पाहिजे होती, बाबा."

बोलून मोकळी झाले. त्यात काही धोकाच नव्हता! मग आणखी बोलले. त्या दिवशी शर्ट कापताना तुमचा तिरस्कार वाटला तेही सांगितलं. टर्की ओरडतच होते.

थोड्या वेळानं त्यांना लाकडी फळी हलल्याचं पायाला जाणवलं असावं. वळले.

"काही म्हणालीस का, पोरी?"

मी ओठ नीट हलवून म्हणाले, "काही नाही."

१ मे

दुपारी हॉबर्टकाकांचा फोन. काल बाकीचे सहाजण ठरवायला बसले म्हणाले. भावाची खुर्ची गेली हे त्याला सांगायचं काम त्यांच्यावर आलं. मग म्हणाले, "एक खुर्ची रिकामी आहे. चुलीजवळची. सगळ्यात साधी बंदूक आणि सगळ्यात स्वच्छ पक्षी तुझा. येतेस?"

बाबा समोरच शेंगा सोलत होते. कोणाचा फोन, असं त्यांनी भुवईनं विचारलं.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि हो म्हटलं.